स्क्रीन धरून बसलेल्या आपा

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. पंख्याखालची खुर्ची आणि संध्याकाळी वेळेवर घर. धंद्याचं खूळ माझ्याच डोक्यात शिरलं, तेही कारखान्यातल्या कामगारांचे गणवेश शिवायचं. उस्मानपुऱ्यात आमच्या इमारतीखालच्या गाळ्यात शिलाई मशीन टाकल्या आणि भागीदार म्हणून मला आपा मिळाल्या. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, नवरा गेल्यावर शिवणकामावर मुलगी शिकवलेल्या. कापड, कटिंग आणि कारागीर त्यांच्याकडे. गिऱ्हाईक, भाव आणि भांडणं माझ्याकडे. भांडणं माझ्याकडे का, हे मला ओळखणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

लॅपटॉप घेतला तो शेंद्र्यासाठी. आमची निम्मी गिऱ्हाइकं तिथल्या कारखान्यांत, आणि जालना रोडनं स्कूटरवर जायचं तर जुन्या लॅपटॉपच्या ओझ्यानं संध्याकाळी मान वळायची नाही. दुकानदारानं नवीन मॉडेल एका बोटावर तोलून दाखवलं. खास कामकाजासाठी बनवलंय म्हणाला, रोज हिंडणाऱ्या लोकांसाठी. मी भाळले. आपांनी तो हातात घेतला, कोपरा दाबून बघितला आणि म्हणाल्या, "बेटा, ये तो मलमल है. रोजच्या वापराला जाडाभरडा माल पाहिजे." मी ते हसण्यावारी नेलं आणि चंदेरी रंगाचा घेतला.

वर्षही झालं नसेल, झाकण उघडलं की स्क्रीन काळी व्हायला लागली. आत सगळं सुरू असायचं, पंखा घुरघुरायचा, पण दिसायचं काही नाही. मग शोध लागला की झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात, बिजागरीच्या जरासं वर, अंगठ्यानं दाबून धरलं की चित्र येतं. जास्त दाबलं तर हिरव्या रेघा, कमी दाबलं तर अंधार. माझा अंगठा तिथं क्षणभरही टिकायचा नाही. मी चिडायचे, जोर लावायचे आणि रेघा यायच्या. आपांचा अंगठा मात्र तिथं बसला की बसला. आयुष्यभर सरकतं कापड मशीनखाली धरलेला हात तो.

लॅपटॉप वॉरंटीत होता, त्यामुळे दुरुस्ती फुकट आणि हेलपाटे आमचे. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाचं उत्तर ठरलेलं असायचं. "ताई, बॉडी लई पातळ हाय. बॅगेत दाब पडला की आतली वायर चेपती." वायर बदलली की आठवडाभर बरं, मग परत तेच. एकदा बॅटरी फुगली, एकदा कीबोर्डची अर्धी ओळ गेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी तिथं इतकी भांडले की मला दारात बघताच तो माणूस आधी पाणी मागवायचा.

गणवेशांची चित्रं कागदावर छापून का नेत नाहीस, असं घरचे विचारायचे. पण कारखान्यातले खरेदीचे साहेब चित्र बघतात आणि म्हणतात, कॉलर निळी करून दाखवा, खिसा डावीकडे घ्या. ते त्यांच्यासमोर करून दाखवावं लागतं. एकीनं माउस चालवायचा आणि दुसरीनं स्क्रीन धरायची, असं मग ठरूनच गेलं. एरवी गाळ्याबाहेर न पडणाऱ्या आपा माझ्याबरोबर प्रत्येक बैठकीला यायला लागल्या.

ते दिवस मला फार आठवतात. चिकलठाणा मागं पडलं की वारा मोकळा व्हायचा आणि मागं बसलेल्या आपा बोलायला लागायच्या. मांडीवर लॅपटॉप, त्यावर डबा. डब्यात खिचडी आणि चिंचेचं खट्टं. काम झालं की कारखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून आम्ही जेवायचो. फाटकावरचा वॉचमन जवळच्याच गावचा, ड्युटी करून शेती बघणारा. तो दर खेपेला आपांना म्हणायचा, "आपा, कवा तरी आमच्याकडची भाकर खाऊन बघा," आणि आपा म्हणायच्या, "हौ, तू आण तर खरं." मग तो खरंच आणायला लागला आणि दोघं कापसाच्या पिकावर बोलत बसायचे, एकानं पिकवायचं, एकीनं शिवायचं म्हणून.

एका बैठकीत भाव दाखवायची वेळ आली आणि आपांना शिंक आली. अंगठा सुटला, स्क्रीन काळी. खरेदीचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा भाव बघून कॉम्प्युटरलाच चक्कर आली." माझं डोकं तापलं होतं, पण आपा खो-खो हसल्या, साहेबही हसले आणि ऑर्डर मिळाली. परतताना मी कुरकुरत होते, तर आपा मागून म्हणाल्या, "गुस्सा कायकू करती? रोज मरे त्याला कोण रडे." ही म्हण त्यांना माझ्या आईनं शिकवली होती.

मग त्यांच्या मुलीला मुलगा झाला. बाळंतपण इथंच झालं, आणि रजा संपत आल्यावर ती बाळाला घेऊन हैदराबादला परत गेली. रोज दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. बाळ दिसायचं आणि ती विचारायची, "अम्मी, कब आते?" आपा पडद्यावरच्या गालाला बोट लावायच्या. त्यांना जायचं होतं, हे दिसत होतं. एका दुपारी त्यांनी मला सरळ सांगितलं.

"कटिंग मी पोरींना शिकवून ठेवलंय, त्याची चिंता नाय. पण तुझा हा डब्बा एकदा नीट होऊ दे. तुला अर्ध्यात टाकून मी जानार नाय."

तेव्हापासून माझं विचित्र झालं. मी सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन आवाज चढवायचे, आणि दुरुस्त होऊन आलेला लॅपटॉप परत काळा झाला की मनातून हलकं वाटायचं. तिकडं एक मूल आजीची वाट बघत होतं आणि इकडं मी एका वायरीच्या भरवशावर त्याच्या आजीला धरून ठेवलं होतं. मला आपा हव्या होत्या, दुसरं काही नाही. नवीन लॅपटॉप घ्यायचा विचारही मी मुद्दाम पुढं ढकलत होते.

शेवटी कंपनीनं अख्खं झाकणच बदलून दिलं. नवी स्क्रीन, नवी बिजागरी. आपांनी तो गाळ्यातल्या टेबलावर ठेवला, उघडला, मिटला, परत उघडला, तिरका करून हलवला. चित्र हललं नाही. दोन-तीन आठवडे त्या रोज असं करून बघत होत्या आणि मी रोज जीव मुठीत धरून बघत होते. मग त्या म्हणाल्या, "झाला बरा तुझा पेशंट," आणि तिकीट काढलं. स्टेशनवर त्यांनी माझ्या हातात डबा दिला. मी रडले, त्याही रडल्या, आणि बोगीतला कुणीतरी माणूस म्हणाला, ताई, उतरा, गाडी हलली.

पुढच्याच आठवड्यात शेंद्र्याला बैठक होती. वॉचमननं फाटक उघडताना विचारलं, "आपा नाय आल्या व्हय?" मी सांगितलं, हैदराबादला गेल्या, नातवाकडं. तो म्हणाला, "बरं झालं, माणसानं जावं," आणि वहीत माझी एकटीची नोंद केली.

आत साहेबांनी चित्र बघितलं, मान हलवली, कॉलर निळी करा म्हणाले. मी माउसला हात लावला आणि स्क्रीन काळी झाली. मी डावा अंगठा त्या कोपऱ्यावर ठेवला. हिरव्या रेघा आल्या. मी श्वास सोडला, हात ढिला केला, आणि चित्र आलं. मग जवळजवळ तासभर मी तशीच वाकडी बसून एका हातानं माउस चालवत राहिले. कॉलर निळी केली, खिसा हलवला, भाव सांगितला. खांदा भरून आला होता. साहेब म्हणाले, करू या.

घरी येऊन जिना चढत होते तेवढ्यात आपांचा फोन आला. मागं बाळ रडत होतं.

"डब्बा ठीक चलरा ना?"

"एकदम झकास," मी म्हणाले. "हातसुद्धा लावावा लागला नाही."

"सच्ची?"

"सच्ची, आपा."

बाळाला थोपटल्याचा आवाज येत होता.

"अच्छा झाला," त्या म्हणाल्या. "आल्यापासून मी बॅग खोललीच नव्हती. म्हटलं, तुझा फोन आला तर निघायला बरं. आता कपडे कपाटात लावते."

"लावा, आपा," मी म्हणाले.