ॲम्प्यूल मोठ्याने वाचणारे याकूबभाई

याकूबभाईंची पहिली भेट झाली ती ओमानमधल्या रुसैलच्या कारखान्यांमधल्या आमच्या ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दारात. मी पुण्याहून आपत्कालीन सेवेचा कोर्स करून नुकताच रुजू झालो होतो. त्यांनी माझ्या हातात एक ॲम्प्यूल, इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी, ठेवली. "वाच, जोशी."

मी मनात वाचली आणि मान डोलावली.

"मला ऐकू नाय आलं. नाव, ताकद, तारीख. मोठ्यानं. मी ते परत म्हणणार, मग फोडायची."

इंजेक्शन द्यायचा आम्हाला तेव्हा अधिकारच नव्हता. ऑक्सिजन, मलमपट्टी, स्ट्रेचर आणि डॉक्टरांना फोन, एवढंच. मग हे कशाला, असं मी विचारलं.

"परवानगी आल्यावर सवय शोधत बसायची काय?"

तीव्र ॲलर्जीत श्वास कोंडलेल्या रुग्णाला डॉक्टरांची वाट न पाहता ॲड्रेनलिन देऊ द्यावं, यासाठी याकूबभाई कित्येक वर्षं अर्ज करत होते. अखेर आमच्या वैद्यकीय प्रमुखांनी, मूळच्या मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी, तीन महिन्यांची चाचणी मंजूर केली.

पहिलाच प्रसंग भर दुपारचा. गोदामातल्या एका पॅकरला इथली काळी मुंगी चावली होती. "मुंगीसाठी ॲम्ब्युलन्स?" फोरमन हसत होता. पॅकरचे ओठ सुजले होते, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. मी पेटी उघडली, ॲम्प्यूल उचलली आणि मान मोडायला अंगठा लावला.

"वाच," याकूबभाई म्हणाले.

वाचता वाचता मी थांबलो. शेजारच्या खाचेतलं, तशाच आकाराचं दुसरंच औषध माझ्या हातात होतं. मी ती ठेवून ॲड्रेनलिनची उचलली, वाचली, त्यांनी परत म्हटलं आणि मी पॅकरच्या मांडीत इंजेक्शन दिलं. हॉस्पिटलच्या दारापर्यंत तो पॅकर बोलू लागला होता. सोबत आलेल्या फोरमनचं हसू तोवर खलास झालं होतं.

परतताना मी म्हणालो, "भाई, माझी चूक अहवालात लिहू नका. परवानगी जाईल."

त्यांनी लिहिलं. "गाडीचा प्रमुख मी, याकूब; जबाबदारी माझी," असंही लिहिलं. मग मला जवळच्या सीब गावात आपल्या घरी नेलं. भाभींनी माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. माझा हात ताटात चालेना. "जेव रे," ते म्हणाले, "उद्या परत ड्यूटी आहे."

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. अहवाल वाचून त्यांनी तो याकूबभाईंसमोर ठेवला.

"हे लिहिलं नसतंत, तर मला कळलं असतं?"

"नाय."

"चाचणी थांबवावी लागेल, हे ठाऊक होतं?"

"होतं, मॅडम. पण बाकीच्या गाड्यांवरही हीच पेटी आहे. तिथं कोणी मोठ्यानं वाचत नाय."

चाचणी थांबली. आम्ही पुन्हा फोन कानाला लावून वाट पाहू लागलो. "याकूबभाई, तुमच्या खरेपणाची घंटी वाजतेय, उचला," असे टोमणे सहकारी मारत. आता कुणी दगावलं असतं तर ते माझ्या चुकीच्या सावलीत दगावलं असतं. याकूबभाई मात्र सुट्टीच्या दिवशी एकेका गाडीवर जाऊन मुलांकडून मोठ्याने वाचून घेत. सुदैवाने त्या काळात कुणी दगावलं नाही. पेट्या बदलल्या, दोन औषधांच्या जागा दूर केल्या आणि परवानगी परत आली. या वेळी कायमची. मोठ्याने वाचून जोडीदाराने ते परत म्हणायचं, हा तिच्यातला पहिला नियम.

आज आमच्या गाड्यांवर मल्याळी, ओमानी, मराठी मुलं आपापल्या उच्चारात ॲम्प्यूल वाचतात.

याकूबभाई आता साठ पूर्ण करून रत्नागिरीकडे, गावी परतणार आहेत. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. आणि तिथे कधी औषधाची बाटली हाती घ्यावीच लागली, तर त्यांनी वाचलेलं परत म्हणायला समोर भाभी असोत.