वरच्या मॅडमची मोटर

"झोपलाय, गेलेला नाही." आमच्या वरच्या मॅडमचं हे ठरलेलं वाक्य. सोसायटीचा सेक्रेटरी गप्प बसला तरी हेच, बाथरूममधलं झुरळ दिसेनासं झालं तरी हेच. म्हणताना चष्मा कपाळावर सारायच्या. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेलच असं एखादं माणूस, आनंदावर विरजण घालणारं.

नाहूरच्या आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. मी आणि माझा धाकटा भाऊ दिलीप बरोबर त्यांच्या खाली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी प्रयोगशाळेत एचआयव्हीच्या एका प्रथिनावर काम केलं. टॅट त्याचं नाव. मला ते कुणाच्या तरी कुत्र्याचं नाव वाटायचं.

दिलीपला एचआयव्ही आहे हे बिल्डिंगमध्ये फक्त मॅडमना ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, त्याला विचारून. एकदा त्याच्या रिपोर्टात 'विषाणू आढळला नाही' असं आलं आणि हा बाबा थेट पेढे घेऊन आला. आता गोळ्या बंद, म्हणाला.  मी समजावून दमले, शेवटी हाताला धरून वर नेला.

मॅडमनी पेढा घेतला नाही. नेहमीचं वाक्य म्हणाल्या आणि दिलीपला विचारलं, सोसायटीची मोटर लावली नाही तर पाणी कुठवर चढतं? तळमजल्यापर्यंत, तो म्हणाला.

"तसंच आहे हे. विषाणूनं आपली जनुकं तुझ्या काही पेशींच्या जनुकांत घुसवून ठेवलीत. पेशी ती वाचायला घेते आणि सुरुवातीलाच थांबते. टॅट ही मोटर. ती लागली की वाचन शेवटपर्यंत जातं, नवे विषाणू तयार होतात, आणखी टॅटही तयार होतं. कुठल्या पेशीत कधी लागेल, सांगता येत नाही."

"मग गोळ्या ती बंद करतात ना?"

"नाही रे. तेच तर आम्हाला जमलं नाही." चष्मा परत डोळ्यांवर आला. "गोळ्या नव्या विषाणूला दुसऱ्या पेशीत घर करू देत नाहीत, एवढंच. तू त्या सोडल्यास की त्याला रान मोकळं."

 दिलीप खाली आला, तोंड वाकडं करून गोळी घेतली. पेढे आम्ही दोघांनीच संपवले.

दुसऱ्या दिवसापासून नवीनच प्रकार. सकाळी मोटर घरघरली की मॅडम लाटण्यानं जमिनीवर ठोकायच्या. घेतलीस का? यानं गोळी गिळून झाडूच्या दांड्यानं छतावर ठोकायचं. घेतली. उशीर झाला तर लाटणं थांबायचं नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी चौकशी केली तेव्हा मी उंदरांवर ढकललं. दिलीप चिडायचा, ही बाई मला कुकुलं बाळ समजते म्हणायचा. पण ठोकायचा.

गेल्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि मॅडम गेल्या. अशा पटकन गेल्याचा मला अजून राग येतो. खांदा द्यायला दिलीप सगळ्यात पुढे होता, चांगला ठणठणीत.

दुसऱ्या सकाळी मोटर लागली. वर काहीच वाजलं नाही. आज हा गोळी चुकवणार, या धास्तीनं मी उठून स्वयंपाकघरात डोकावले. दिलीपनं गोळी गिळली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि छतावर ठोकलं.

आता वर कुलूप आहे. तो अजूनही रोज ठोकतो आणि दांडा हातात धरून थोडा वेळ तसाच उभा राहतो.