बैलाला वाट विचारणारे भाऊजी

माझ्या थोरल्या बहिणीचं, उर्वशीताईचं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या वडिलांनी मुलाची फार बारकाईनं चौकशी केली होती. मुलगा राळेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. पोराला कसलाच नाद नाही, असं वडील घरी येऊन मोठ्या खुशीत म्हणाले. वडील तसे हुशार होते, पण इथं त्यांनी साफ मार खाल्ला.

आमचे संघदीप भाऊजी म्हणजे नादाचा पुतळा. फक्त त्यांचा नाद पैशानं विकत मिळत नाही. त्यांच्या डोक्यात एखादा प्रश्न शिरतो आणि मग तो तिथंच बिऱ्हाड करून राहतो. एका उन्हाळ्यात त्यांना प्रश्न पडला की एका माठाचं पाणी गार होतं आणि दुसऱ्याचं का नाही. झालं. गावोगावच्या कुंभारांकडून माठ आले, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि आम्ही पाहुणे गेलो की पाण्याचे पेले पुढं करून आमची परीक्षा घ्यायचे. मी एकदा चिडून म्हणालो की सगळं पाणी सारखंच लागतं. तर म्हणाले, तुझ्या जिभेवरही एकदा काम केलं पाहिजे.

पण माठांचं प्रकरण काहीच नव्हतं. खरा नाद लागला तो बैलांचा, आणि त्याला कारण झाला धावजी.

धावजी भाऊजींच्याच गावचा शेतकरी. बंजारा, उंचापुरा, तोंडाचा फटकळ आणि मनाचा मोकळा. त्याच्याकडं लाल्या नावाचा एक म्हातारा बैल होता, त्याला जोडीदार म्हणून त्यानं बाजारातून चांद्या आणला. कपाळावर पांढरा चट्टा, शिंगं सरळ, चालीला तेज. दिवाळीनंतर धावजीनं बंडीत कापूस भरला, लाल्या-चांद्याला जुंपलं आणि भल्या सकाळी तो राळेगावच्या खरेदी केंद्राकडं निघाला. आता कापसाच्या ढिगावर बसून हिवाळ्याचं कोवळं ऊन खात जाणारा माणूस जागा राहिला, असं आमच्या तालुक्यात अजून घडलेलं नाही. बैलांना वाट ठाऊक असते, म्हणून धुरकरी, म्हणजे बंडी हाकणारा, बिनघोर झोपतो. धावजीही झोपला. फक्त त्याच्या ध्यानात राहिलं नाही की जोडीतला एक बैल यंदा नवा आहे आणि त्याला ठाऊक असलेली वाट वेगळी आहे.

जाग आली तेव्हा बंडी भलत्याच तांड्यात, एका घराच्या अंगणात उभी होती. मानीबाई नावाची म्हातारी चांद्याच्या गळ्यात पडून रडत होती आणि धावजीकडं कापूसचोराकडं बघावं तसं बघत होती. चांद्या तिच्याच गोठ्यात वाढलेला. ऐन हंगामात नड आली म्हणून तिनं विकला होता. म्हाताऱ्या लाल्यानं बिचाऱ्यानं काही विचारलं नसावं, तरुण बैल नेतो तिकडं तो गेला. धावजीला तिथं भाकर-पिठलं मिळालं, भरपूर शिव्या मिळाल्या आणि केंद्रावर तो पोचला तेव्हा रांग पार गावाबाहेर गेली होती.

हा किस्सा गावात आठवडाभर पुरला. सगळे पोट धरून हसले, भाऊजी सोडून. ते धावजीच्या अंगणात जाऊन उकिडवे बसले आणि त्यांनी एकच विचारलं.

“पण धावजीभाऊ, तो गेला कोणत्या रस्त्यानं?”

धावजी म्हणाला की झोपलेल्या माणसाला हे विचारणारा तुमच्यासारखा मास्तर पाहिला नाही. पण भाऊजींचा प्रश्न खरा होता. चांद्याला बाजारात नेलं होतं दुसऱ्या बाजूनं, डांबरी रस्त्यानं. मग ही कच्ची वाट त्याला कुणी सांगितली? वास? उतार? पाण्याची ओढ?

त्या दिवसापासून आमच्या ताईचे रविवार गेले. भाऊजी सायकल काढायचे आणि गावोगाव हिंडायचे. दिसेल त्या शेतकऱ्याला विचारायचे, तुमचा विकलेला बैल कधी परत आला का? आला तर कोणत्या बाजूनं, ऊन होतं का ढग होते, वारा कुठला होता, नदी-नाला पार केला का? स्वतः डोळ्यांवर दुपट्टं बांधून गावाबाहेर उभे राहायचे आणि नुसत्या वासावर घर सापडतं का ते बघायचे. एकदा असे चालता चालता सरपंचांच्या उकिरड्यात गेले. शाळेच्या ओसरीवर त्यांनी खडूनं अख्ख्या तालुक्याचा नकाशा काढला होता, त्यावर कुठला बैल कुठून कुठं आला याच्या रेघा. पोरं त्यावर लंगडी खेळत. ताई मला म्हणाली, “तुया भाऊजीले सांग, बैलाशीच लगन लावून घ्या म्हना. मी बसते मंग माहेरी.” ती हे हसत म्हणाली, पण पूर्ण हसत नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा कळली आणि ती सांगितलीच पाहिजे. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्यात जीपगाड्या भरभरून बाहेरची माणसं यायची. पेपरवाले, टीव्हीवाले, संस्थावाले, मोठे सायब. सगळ्यांचे प्रश्न तेच. कर्ज किती, कुणाच्या घरात कोण गेलं, फोटो आहे का. उत्तरं देऊन देऊन गावं थकली होती. अनोळखी माणूस दिसला की बाया दार लोटून घ्यायच्या. आणि त्यात हा एक मास्तर सायकलवरून घामाघूम होऊन यायचा आणि विचारायचा, काहो, तुमचा बैल कधी परत आला का? आधी लोक त्याच्या तोंडाकडं बघत राहायचे. मग एक जण हसायचा. मग दुसरा म्हणायचा, अरे, आपल्या आज्याचा नाही का आला होता, बाजार उठायच्या आधी! मग बाज बाहेर यायची, चहा यायचा, दार लोटून घेतलेल्या बाया उंबऱ्यात येऊन म्हाताऱ्यांच्या चुका दुरुस्त करायच्या. मी भाऊजींसोबत एक-दोनदा गेलो आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला. त्यांना सांगितलं नाही, कारण लगेच आणखी चार गावं फिरवली असती.

सगळा तालुका त्यांना बैलवाले मास्तर म्हणू लागला. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण भाऊजींना ऐकीव गोष्टींचं समाधान होईना. त्यांना स्वतः बघायचं होतं.

उन्हाळ्यात धावजीचा लाल्या म्हातारपणानं गेला. चांद्या एकटा दावणीला उभा. एका बैलानं वखर चालत नाही, म्हणून धावजी सावड शोधत होता. सावड म्हणजे तुझा एक बैल, माझा एक बैल, दोघांची जोडी करायची आणि आळीपाळीनं दोन्ही वावरं करायची. पण त्या वर्षी अर्ध्या गावानं बैल विकलेले, सावड करायची कुणाशी? भाऊजींनी हा मोका साधला. चांद्याला टेम्पोत घालून, वर ताडपत्री लावून, वडकी गावाच्या अलीकडच्या माळावर सोडायचं. चांद्या त्या भागात कधी गेलेला नाही. तो धावजीकडं येतो की मानीबाईच्या तांड्यात जातो, एवढं बघायचं. धावजी आधी तयार होईना. भाऊजींनी शब्द दिला की बैलाची जबाबदारी माझी, काही झालं तर नवा घेऊन देईन. टेम्पो माझा होता. डिझेलही माझंच गेलं, हे इथं नमूद करून ठेवतो.

माळावर चांद्याला उतरवलं. आमचं ठरलं होतं की दुरून मागं जायचं. चांद्यानं मान वर केली, कान हलवले आणि जो सुटला तो पळसाच्या झुडपांत शिरून दिसेनासाच झाला. भाऊजी मागं धावले, काटेरी कुंपणात अडकून त्यांची पँट फाटली. तरी ते खुशीत होते. म्हणाले, संध्याकाळपर्यंत कुठंतरी पोचतोच.

संध्याकाळी तो धावजीकडं आला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तांड्यात गेलो. मानीबाईकडंही नव्हता. तिनं भाऊजींना असं काही झाडलं की बाजूची कुत्री उठून गेली. मग भाऊजींचा चेहरा उतरला. ढग जमायला लागले होते, लोकांची वखरणी उरकत आली होती, आणि धावजीचं वावर तसंच पडलं होतं. बैल गेला तर धावजीचं पेरणं गेलं, एवढा साधा हिशेब होता. नवा बैल घेऊन देईन म्हणणं सोपं. ताईनं तर कानातल्या बाळ्या विकायला काढून पेटीवर ठेवल्या. भाऊजींनी त्या दिवशी भाकर खाल्ली नाही.

धावजी दारात येऊन म्हणाला, “मास्तर, माहा बैल नाई सापडला तं जुवाखाली तुम्हाले उभं करीन.”

भाऊजी म्हणाले, “करजो. मी येईन.” ते खरंच आले असते.

आम्ही नाले पालथे घातले, कोंडवाडे पाहिले. बैल काही मिळेना. शेवटी बातमी आली ती एसटीच्या कंडक्टरकडून. शाळेसमोर गाडी थांबवून त्यानं भाऊजींना निरोप दिला की वडकीकडच्या एका गावात फुलचंद नावाच्या माणसाकडं कुणाचातरी बैल आला आहे. फुलचंदनं गावात विचारलं, तर लोक म्हणाले, बैल आपल्या पायानं आला असेल तर बैलवाल्या मास्तरांना कळवा, त्यांना ठाऊक असेल.

टेम्पोत आम्ही तिघं बसलो. धावजीच्या हातात दोर होता.

फुलचंदचं वावर आम्ही चांद्याला सोडलं त्या माळाच्या पलीकडच्या उतारावर होतं. बांधावरच्या बाभळीखाली एक तांबडा बैल बांधलेला, आणि त्याला खेटून, मोकळाच, आमचा चांद्या. तांबडा त्याची मान चाटत होता. चांद्या डोळे मिटून उभा होता.

“दोन दिवस झाले,” फुलचंद म्हणाला. “हाकलला तं जात नाई. अन् माहा तांबड्या, जो बाजारातून आणल्यापासून नीट चरतही नोयता, तो पोटभर खाऊन राह्यला.”

कुठल्या बाजारातून, कुणाकडून आणला, असं भाऊजींनी विचारलं. फुलचंदनं सांगितलं, मानीबाई म्हणून तांड्यातली एक म्हातारी होती. जोडी होती तिची, पण जोडीचे पैसे कुणाजवळ नव्हते. एक मी घेतला, दुसरा कुणीतरी नेला.

दुसरा नेणारा तिथंच दोर घेऊन उभा होता. धावजीनं पुढं होऊन चांद्याच्या गळ्यात दोर घातला आणि ओढला. चांद्या मुकाट्यानं चालू लागला. तेवढ्यात मागून तांबड्या असा हंबरला की चांद्या जागच्या जागी थांबला. धावजीनं पुन्हा ओढलं. चांद्या मान खाली घालून उभाच राहिला. त्यानं झटका दिला नाही, शिंग उगारलं नाही, नुसता उभा राहिला. मग धावजीचाच हात सैल झाला. तो तिथं ढेकळांत बसला.

मला वाटलं, भाऊजी आता वाऱ्याची दिशा बघणार, अंतर विचारणार. त्यांनी काहीच केलं नाही.

“धावजीभाऊ,” ते म्हणाले, “मी एवढ्या लोकायले इचारलं, बैल कुठं जाते म्हणून. कोणापाशी जाते, हे एकालेबी इचारलं नाई.”

दोघांकडं एकेकच बैल, तेव्हा सावड होणार हे आता उघड होतं. दोन्ही वावरांत अंतर होतं, पण बंडीनं सकाळी निघालं तर न्याहारीला पोचावं एवढंच. अवघड प्रश्न पुढचा होता. सावडीत भांडण होतं ते पहिला नंबर कुणाचा यावरून. ढग डोक्यावर आलेले. ज्याचं वावर आधी वखरलं जाईल त्याचं पेरणं वेळेवर, मागच्याचं नशिबावर. फुलचंद खाली बघत होता. बैल धावजीचा होता, नुकसान धावजीचं झालं होतं, आणि आपल्याकडं मागण्यासारखं काही नाही हे त्याला कळत होतं. माझ्या मनात आलं, आता धावजी दोन्ही बैल आपल्या वावरात नेणार आणि तसं केलं तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

धावजी उठला, त्यानं कपडे झटकले आणि गळ्यातला दोर सोडवून चांद्याला मोकळं केलं.

“पहिलं तुह्या वावरात चालू दे,” तो फुलचंदला म्हणाला. “तो सोताच्या पायानं आला हाय इथं. त्याले आजच मागं कसा नेऊ?”

फुलचंद घाईघाईनं जू आणायला गेला. भाऊजी तोंड फिरवून रडत होते. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. धावजी मात्र दोघा बैलांच्या मानेवर हात फिरवत, यातला उजवीकडं कोण चालायचा हे त्यांनाच विचारत होता.