माजघरात मांडलेला पाट

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांनी डोक्यावर पाणी घातलं, चार थेंब जिभेवर घालायचे तेवढे राहून गेले, हे तिचं ठरलेलं वाक्य. पुढे नगरकडच्या मिशन इस्पितळात मी नर्सिंग शिकले, तेव्हा आमच्या मेट्रनचंही साधारण हेच मत पडलं. मला त्याचं काही वाटत नसे. खरं बोलणाऱ्याला लोक फटकळ म्हणणारच, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. पिंपरीला बदली होईपर्यंत ती टिकली.

स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर मोठा कारखाना उभा राहत होता, निर्वासितांच्या छावणीत दुकानं थाटली जात होती, आणि बाकी सगळीकडे ज्वारीची शेतं होती. रेल्वेच्या रुळांजवळ दोन खोल्या आणि एक पडवी एवढा आमच्या मिशनचा दवाखाना. त्यात माणसं दोनच, मी आणि मिसबाई.

मिसबाई सातासमुद्रापलीकडच्या, बर्फाच्या मुलखातल्या. या देशात त्यांना वीस वर्षं झाली होती, पण मराठी पुस्तकातून शिकलेल्या. शेतावरून थेट आलेल्या बाईला त्या म्हणायच्या, "आपण कृपया जीभ बाहेर काढावी." बायका आधी तोंडाला पदर लावून हसत आणि मग टाळूपर्यंत तोंड उघडत. रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी पडवीत प्रार्थना व्हायची. मिसबाई डोळे मिटून आजाऱ्यांसाठी मागणं मागत, आणि "आमेन" झालं की बसलेल्या बायका औषधांच्या कपाटाला मनोभावे नमस्कार करत. मला ते खुपायचं. मिसबाई म्हणायच्या, "असू द्या. हात तर जोडले."

परक्या मुलखात करमतं कसं, असं मिसबाईंना सगळे विचारत. मला कुणी विचारलं नाही. मी लुगडं नेसत होते, मराठी बोलत होते, मला काय परकं असणार? पण मी मिशनच्या आवारात वाढलेली. शाळा आवारात, देऊळ म्हणजे आमचं चर्च आवारात, खेळायच्या मैत्रिणीही तिथल्याच. हिंदू घराच्या माजघरात मी विशी उलटेपर्यंत पाऊल टाकलं नव्हतं. त्याला कारणही होतं. ख्रिस्ती होण्याआधी माझे आजोबा गावकुसाबाहेर राहत. पाटलाच्या दारात त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतून मिळायचं, आणि ते सांगताना म्हातारपणीही त्यांचे हात आपोआप ओंजळीसारखे व्हायचे. नवा देव त्यांना फुकट मिळाला नव्हता. म्हणून मी तो फार घट्ट धरून होते.

नदीपलीकडे पिंपळे सौदागरात एका शेतकऱ्याच्या घरी मी पहिल्यांदा बाळंतपणाला गेले. उन्हाळा होता, पवना गुडघाभर पाण्यातून ओलांडता यायची. त्या घराची मालकीण एक म्हातारी. नवरा नव्हता, दोन मुलगे, थोरला शेतावर आणि धाकटा नव्या कारखान्याच्या बांधकामावर. थोरल्या सुनेचं मूल आडवं होतं. गावच्या सुइणीने हात टेकले, तेव्हा म्हातारीने भावकीचा विरोध मोडून आम्हाला बोलावणं धाडलं. मूल वळवून घेता आलं. मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. मी कात्रीने नाळ कापली, हात धुतले, आणि आपण या गावाला आता खिशात घातलं अशा ऐटीत परत आले.

पाचव्या दिवशी निरोप आला. नाळ जिनं कापली तिनं कातर घेऊन दिवेलागणीला घरी यावं. जेवायला बोलावलं असेल म्हणून मी गेले. कातर कशाला, हा विचारही केला नाही.

माजघर बायकांनी भरलेलं होतं. भिंतीशी पाटा मांडून त्यावर वरवंटा उभा केला होता, त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. तान्ह्या मुलाच्या कपाळी सटवाई नशीब लिहिते, तिची ती पूजा. नाळ कापलेलं हत्यार पाट्यावर ठेवायचं आणि कापणारीने पुढे बसायचं, असा रिवाज. एक पाट माझ्यासाठी मांडला होता. म्हातारी म्हणाली, "ये पोरी, बस हितं. कातर ठीव तिच्यापुढं."

मी बसले नाही. माझ्या हातात उकळून निर्जंतुक केलेली मिशनची कात्री होती, छातीत 'माझ्याखेरीज दुसरा देव मानू नको' ही बायबलातली पहिली आज्ञा होती, आणि भोवती वीसेक बायका बघत होत्या. नम्रपणे नाही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "माझा देव जिवंत आहे. दगडापुढे मी बसायची नाही, आणि माझी कात्रीही बसायची नाही." आणि चपला घालून निघून आले.

खरं सांगते, नदी ओलांडताना मला फार अभिमान वाटत होता. आजोबांना आज बरं वाटलं असतं, असं मनात आलं. मिसबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि त्या आजी काय म्हणाल्या?" मला आठवेना. मी म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर पलीकडच्या गावातून दवाखान्यात येणं बंद झालं. खोकल्याचीही बाई येईना. पण मला जिचा घोर लागला ती होती त्याच घरची धाकटी सून. तिला सातवा लागला होता. आधीची दोन मुलं तिची पोटातच गेली होती, दोन्ही वेळा आठव्या महिन्यात. थोरलीच्या बाळंतपणाआधीपासूनच दर गुरुवारी ती दवाखान्यात माझ्याकडे तपासून घ्यायला यायची. मागच्या खेपेला तिचा रक्तदाब चढलेला होता, घोट्यांवर बोट दाबलं की खळगा राहत होता. मीठ तोड, डावीकडे निजून राहा, पुढच्या गुरुवारी चुकू नको, असं मी बजावलं होतं. तो गुरुवार गेला. त्यापुढचाही गेला. आठवा लागायला थोडेच दिवस उरले होते.

मी रोज प्रार्थना करत होते. म्हणजे देवाला सूचना देत होते म्हणा. त्या म्हातारीचं मन वळव, त्या घराचे डोळे उघड, असं मी त्याला सांगायची. एकदा मिसबाई शेजारी गुडघे टेकून होत्या. माझं आटोपल्यावर त्या उठत म्हणाल्या, "आपण त्यांचे डोळे उघडण्यास सांगितले. बरे आहे. आपले स्वतःचे कोणी उघडावे?" पुस्तकी मराठीत टोला बसला की तो जास्त लागतो. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग गावची सुईण आली. तिचे डोळे आले होते, म्हणून बिचारी भावकीचा डोळा चुकवून आली. मी औषध घालत असताना ती आपणहून म्हणाली, "बाई, तू त्या म्हातारीचं लई वाईट केलंस."

"मी माझा धर्म पाळला," मी म्हणाले.

"पाळ की. कोन नगं म्हनतंय? पन माजं ऐक. मी चाळीस वरसं ह्या गावात पोरं काढते. पाचवीचा शिदा मला ओट्याखाली मिळतो. सुपात घालून, लांबनं. म्हातारीच्या सासूनं तसाच दिला, म्हातारीनंबी तसाच दिला. तुजी जात काय, ते गावाला म्हाईत न्हाई व्हय? नगरकडची किरिस्ताव, म्हंजी आदीची कोन ते समद्यांनी वळखलंय. भावकीतल्या बायका म्हनल्या, तिला ओट्याखाली उभी कर. म्हातारी म्हनली, पोरीनं माजा नातू वाचवला, ती माजघरात पाटावर बसंल, ज्याला यायचं न्हाई त्यानं येऊ ने. समद्या भावकीम्होरं तोंड वर करून तिनं पाट मांडला. आन् तू त्यालाच लाथ मारलीस."

माझ्या हातातली औषधाची नळी तशीच राहिली. तिच्या दुसऱ्या डोळ्यात थेंब घालायचंही मला सुचेना. ज्या उंबऱ्याच्या आत माझ्या आजोबांची सावली चालली नसती, तिथे माझ्यासाठी पाट मांडला गेला होता, आणि मला दिसला फक्त दगड. मला इतकी लाज वाटली की मी सुइणीसमोरच रडले. "आता रडू नगं," ती म्हणाली, "हा डोळा राहिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदी ओलांडली. वाटेत देवाला कसलीही सूचना दिली नाही, नुसतं "सोबत ये" म्हणाले. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी ओट्याखाली उभी राहिले. ती बराच वेळ शेंगाच फोडत होती.

"आजी, माझं चुकलं."

"काय चुकलं? देव बदल म्हनलं व्हतं व्हय म्या तुला?"

"नाही."

"मंग?"

"तुम्ही पाट मांडला होता. मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. देवापुढे बसता येत नव्हतं, तर तुमच्या पाया पडून तसं सांगायला हवं होतं."

म्हातारीने मूठभर शेंगा बाजूला सारल्या. "दगड म्हनलीस तिला. भावकीतल्या बाया अजून मला दगडवाली म्हनून हसत्यात." मग सरकून जागा करत, "खाली का उभी हायेस? वर ये. पोरीचं पाय लई सुजल्यात. भाताच्या पान्यावर ठेवलीय, मीठ बंद हाय. तू सांगितलं हुतंस म्हनं."

मी रागाने निघून गेले होते, तरी माझं सांगणं त्या घरात पाळलं जात होतं. मला पुन्हा रडू येणार होतं, पण काम होतं. धाकटीचा दाब पहिल्यापेक्षा वर गेला होता. त्याच दुपारी बैलगाडीतून तिला दवाखान्यात आणलं. मिसबाईंनी आपली खोली तिला दिली आणि स्वतः पडवीत खाट टाकली. पाच आठवडे ती तिथे पडून होती. म्हातारी दिवसाआड भाकऱ्या घेऊन यायची, सकाळच्या प्रार्थनेला बसायची आणि शेवटी कपाटाला नमस्कार करायची. मला आता ते खुपत नव्हतं. आठवा महिना सरला त्या सकाळी मिसबाईंच्या प्रार्थनेत पहिल्यांदाच मराठीचं व्याकरण चुकलं.

नवव्या महिन्यात, भर दुपारी, त्या खोलीत मुलगी झाली. लहानखुरी, पण रडणं खणखणीत. म्हातारीने तिला हातात घेतलं आणि इतकंच म्हणाली, "आली गं बया एकदाची." सवा महिना होईपर्यंत थांबा म्हटलं, पण पाचवी आपल्याच घरी झाली पाहिजे म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी बाळ-बाळंतिणीला गाडीत गवत-गोधड्या घालून सांभाळून नेलं.

पाचव्या दिवसाची मला धास्ती होती. बोलावणं आलं तर काय करायचं? मी पूजेला बसणार नव्हते, ते माझ्याने आजही व्हायचं नाही. आणि म्हातारीला पुन्हा भावकीपुढे खाली बघायला लावणार नव्हते. आदल्या दिवशी मिसबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला ठाऊक नाही." वीस वर्षं मिशनमध्ये काढलेल्या बाईने असं सांगावं, याने मला का कोण जाणे, धीर आला. दोघी मिळून देवासमोर बसलो आणि दोघींनाही काही मागता आलं नाही.

पाचव्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी दारात म्हातारी उभी. सकाळच्या उन्हात एकटी नदी ओलांडून आलेली, लुगडं पोटरीपर्यंत ओलं. डोक्यावर सूप. सुपात तांदूळ, डाळ, गुळाचा खडा, खोबऱ्याची वाटी आणि खण.

"आजी, पूजा तर संध्याकाळी ना?" मी विचारलं.

"व्हय. म्हनून तर आत्ता आले. ह्यातलं कायबी अजून तिच्यापुढं ठेवलेलं न्हाई. हळदकुंकू न्हाई, काय न्हाई. तुला चालंल असं हाय. आदी तुजं, मंग देवीचं."

माझ्या लहानपणापासून आमच्या मंडळीत वाद ऐकत आले होते, मूर्तीपुढचं अन्न ख्रिस्ती माणसाने घ्यावं की न घ्यावं यावर. मोठमोठे पाद्री त्यावर तासनतास बोलत. या बाईला अक्षर येत नव्हतं. पण सटवाईच्या आधी दुसऱ्या कुणाला मान दिला तर ती काय लिहिते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन मुलं गेल्यावर आलेली नात घरात होती, आणि आज तिच्या कपाळी नशीब लिहिलं जायचं होतं.

"आजी, देवी रागावली म्हणजे?"

"सांगून आलेय मी तिला," म्हातारी म्हणाली. "म्हनलं, आज तुजा मान दुसरा. राग आला तर म्हातारीच्या कपाळावर काड, पोरीच्या नगं."

मिसबाई पडवीत माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. मी दोन्ही हातांनी पदर पसरला आणि म्हातारीने सूप त्यात रिकामं केलं.