आक्काच्या भिंतीतलं मोहोळ

बेळगावात मधमाश्या पाळणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे आणि माझ्या दुर्दैवानं मी त्यात आहे. सकाळी उठल्याबरोबर कुणीतरी फुलावर बसलेल्या माशीचं चित्र टाकतो, खाली सुप्रभात लिहितो, आणि मग दिवसभर सल्ले सुरू. खरोखर पेटीत माश्या असलेली माणसं त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांच्या पेट्या रिकाम्या, तोंडं मात्र भरलेली. माश्यांना द्यायचा साखरेचा पाक घट्ट असावा की पातळ, यावर दोघं आठवडाभर भांडले, आणि दोघांच्याही घरी तो प्यायला एक माशी नव्हती.

या सगळ्यांचे म्होरके म्हणजे वडगावचे एक गृहस्थ. विणकामाचे माग विकून त्यांनी माडीवर पेट्या मांडल्या होत्या. आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही, तरी सगळे त्यांना सर म्हणत. कुठंतरी पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्याचं प्रमाणपत्र त्यांनी पेट्यांच्या बरोबर वर टांगलं होतं, बहुधा माश्यांना वाचता यावं म्हणून. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडं बघून कळलं. मी मनातल्या मनात त्यांना रोज नावं ठेवायचो आणि समोर गेलो की सर, सर करायचो.

माझ्याकडं पेटी होती, माश्या नव्हत्या. या गटाचं खरं दुखणं हेच. पेटी काय, सुतार करून देतो. माश्या आणायच्या कुठून? शिरसीकडचा एक विकणारा ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत म्हणत सगळा हिवाळा खाऊन गेला. एकानं बसनं पेटी मागवली, ती स्टँडवर उतरवेपर्यंत निम्म्या माश्या मेलेल्या. सरांचं म्हणणं, रानातलं मोहोळ धरा, त्यात काय अवघड आहे. मग तुम्ही का जात नाही, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

अशात माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, फोन आला. ती लोंढ्याच्या पलीकडं एका वाडीत राहते. तिच्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीत सातेरी जातीच्या माश्यांचं मोहोळ होतं, तिच्या सासूच्या वेळेपासूनचं. वर्षातून एकदा ती भिंतीतलं फळकूट काढायची, कडेचं एक पोळं मधासाठी कापून घ्यायची, आतल्यांना हात लावायची नाही, आणि फळकूट पुन्हा शेणानं लिंपून टाकायची. आता तिचा मुलगा ती भिंत पाडून विटांचा गोठा बांधणार होता. आक्का फोनवर म्हणाली, “तू माश्या पाळतोस न्हवं? ह्या तुझ्याकडं ने. मध नको मला, माश्या जगायला पायजेत.”

मी माश्या पाळतो हे मीच तिला सांगितलं होतं. पेटी रिकामी आहे हे सांगितलं नव्हतं.

मी विचारल्यावर सर यायला तयार झाले, पण त्यांना फक्त येता रविवार मोकळा होता. गाडीत खानापूर येईपर्यंत ते मला इटालियन माशीबद्दल सांगत होते, आणि खानापूरच्या पुढं स्वतःबद्दल. वाडीत पोचल्यावर ते अंगणात खुर्ची टाकून बसले आणि बिनसाखरेचा चहा मागितला. आक्कानं मला चुलीपाशी बोलावून घेतलं.

“आज नको रं,” ती हळू आवाजात म्हणाली. “गेल्या आयतवारी जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन फणसावर लोंबली आणि रानात गेली. आत हाय ती नवी हाय. ती एकदा भाईर जाऊन नरास्नी भेटून येऊदे, मग ने. भिंत थांबती महिनाभर.”

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. गोठ्यात धार काढताना इतकी वर्षं ती ते बघत आली होती. मला सरळ बाहेर जाऊन सरांना सांगायचं होतं, पण मला लाज वाटली. चौथीतून शाळा सोडलेली माझी बहीण म्हणते की राणी अजून नरांना भेटून आलेली नाही, हे मी त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू? तो हसला असता. ज्याला मी मनात कवडीची किंमत देत नव्हतो, त्याच्या हसण्याला मी भ्यालो. सांगतो सरांना, असं आक्काला म्हणालो आणि बाहेर येऊन सरांना म्हणालो, करूया सुरुवात.

सरांनी पांढरा डगला चढवला, हातमोजे घातले, तोंडावर जाळी ओढली आणि एवढा धूर केला की म्हशी ठसकायला लागल्या. आक्कानं उघड्या हातानं फळकूट काढून दिलं. सरांनी पोळी कापून केळीच्या सोपटानं पेटीतल्या चौकटींना बांधली. एका पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढं, तोंड उघडं असलेलं एक घर लोंबत होतं. हे निकामी, म्हणत सरांनी ते खुडून फेकलं. नवी राणी त्यातूनच बाहेर पडली होती, हे कळायला पाच दिवसांचं प्रशिक्षण पुरलं नव्हतं. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी धुराचं निमित्त करून डोळे चोळले.

माश्यांसकट पेटी माझ्या परसात आली. सरांनी तिच्या दाराला बारीक फटींची पत्र्याची जाळी ठोकली. कामकरी माशी त्या फटीतून ये-जा करते, राणी अंगानं मोठी म्हणून आत अडकते, आणि राणी अडकली की बाकीच्या पळून जात नाहीत. जाळी किती दिवस ठेवावी यावर गटात पुन्हा रणकंदन. एक म्हणाला आठवडा, दुसरा म्हणाला महिना, तिसरा म्हणाला कायमची. सरांनी पंचवीस दिवसांचा निकाल दिला. मी या सगळ्यांना हसायचो, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंचवीस दिवस खुणा करत बसलो.

जाळी काढून काही आठवडे झाल्यावर एका पोळ्यावर फुगीर टोपणांची घरं गच्च भरलेली दिसली. मी फोटो टाकला. अंगठे आले, हार आले, सरांनी ‘वसाहत जोमात’ असा शेरा मारला. त्या घरांतून नुसते नर बाहेर पडले. जाड, काळे, ऐतखाऊ. नरांना भेटायचे दिवस जाळीआड निघून गेले की राणी पुन्हा त्यासाठी बाहेर पडत नाही; ती अंडी घालते, पण त्यातून कामकरी माशी होत नाही, नुसते नर होतात. आक्कानं चुलीपाशी हेच सांगितलं होतं, फक्त वाईट घडायच्या आधी. जुन्या कामकरी माश्या एकेक करून मेल्या आणि नर साठवलेला मध खाऊन संपले. गटात कुणी म्हणालं पेटीचं तोंड पूर्वेला हवं होतं, एकानं पेटी विकायची आहे का म्हणून विचारलं. सर म्हणाले, रानटी माश्या अशाच असतात.

आक्का दर रविवारी फोन करून माश्या कशा आहेत विचारायची. बऱ्या हैत, मी म्हणायचो.

मे महिन्याच्या शेवटी ती पिशवीभर जांभळं घेऊन आली. तोवर तिकडं भिंत पडली होती. पाणीसुद्धा न घेता ती थेट परसात गेली आणि तिनं झाकण उघडलं. आत मेणकिड्यांनी जाळं केलं होतं. तिनं एक बोट घालून ते जरा बाजूला केलं आणि खाली बघितलं.

“नव्या राणीचं तू त्या सरास्नी सांगितलंतंस न्हवं?”

“सांगितलंतं,” मी म्हणालो. “त्यांनी ऐकलं न्हाय.”

तिनं झाकण दोन्ही हातांनी नीट लावलं. “मग तुझं काय चुकलं रं,” ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी लोंढ्याच्या बसमध्ये बसेपर्यंत ती त्या माणसाला शिव्या देत होती, आणि मी तिच्या बरोबरीनं देत होतो.