डबीतले दोन स्फटिक

मुलगी मंगळवारी दुपारी हिंगोलीच्या दवाखान्यात वारली. कागदावर डेंग्यू लिहिलं. मी सही केली.

ती पुण्यात संशोधन करायची. सुट्टीत आमच्या गावी, डोंगरकड्याला, येताना तिने मला दाखवायला एका डबीत दोन स्फटिक आणले होते. नखाएवढे, पातळ, चकाकणारे. पहिल्यात बेरियम, लोखंड आणि आर्सेनिक. दुसऱ्यात तेच, पण लोखंडाच्या दर शंभर अणूंमधले सहा-सात काढून तिथे कोबाल्ट घातलेला. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, तरी मला दोन्ही सारखेच दिसले.

"थंड केल्यावर कळतं, बाबा," ती म्हणाली. लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक बारीक चुंबक. पहिला स्फटिक खूप थंड केला की हे चुंबक ओळी धरून, ओळीत एकमेकांकडे ठरलेल्या रीतीने पाठ फिरवून बसतात. कोबाल्टने ती बैठक मोडते. मग आणखी थंड केलं की त्यातून वीज कुठेही न अडता वाहते.

"आणि कोबाल्ट वाढवत गेलं तर?"

"तर तेही जातं. हात राखून घालावा लागतो."

माझा थोरला भाऊ ओट्यावर बसून ऐकत होता. "इतकं शिकून लोखंडच घेऊन बसली का गं? मंग भंगाराच्या दुकानात बसवलं असतं तुला, घरच्या घरी."

ती हसली. मी हसलो नाही.

पुढच्याच आठवड्यात तिला ताप आला.

राख घेऊन आम्ही सिद्धेश्वरच्या धरणावर गेलो. भावाने ती डबी सोबत आणली होती. "तिचं तिच्यासंगं जाऊ दे," म्हणत त्याने झाकणाला हात घातला. मी म्हणालो, हे पाण्यात टाकायचं नाही, यात आर्सेनिक आहे. कुणाला काही समजलं नाही. समजावून सांगायची माझी खोड जुनी. "आर्सेनिक म्हणजे सोमल," मी म्हणालो.

सोमल म्हणजे विष, एवढं तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. भावाने डबी माझ्या हातात दिली आणि बोटं धोतराला पुसली.

पंधरा दिवसांनी वारंगा फाट्यावर चहा पिताना ओळखीच्या एकाने हळूच विचारलं, "सर, पोरीनं काहून औषध पिलं हो? तुमचे भाऊ सांगत व्हते."

मी चहा तसाच ठेवून भावाकडे गेलो. दवाखान्याचा कागद त्याच्यासमोर धरला.

"आमी काहून खोटं बोलावं? सोमल हाय म्हणून तूच बोललास, चार लोकांत."

"डबीत आहे म्हणालो. तिच्या पोटात नाही."

"डबी कुणाची व्हती?"

कागद त्याने वाचला नाही.

एक शब्द पुरला. तो मी घातला, हे मी नाकारत नाही. पण गावोगाव तो पोचवला त्याने, आणि त्याची माफी माझ्याकडे नाही.

कागद मी लॅमिनेट करून घेतला आहे. त्यानंतर तोंडावर कुणी विचारत नाही, म्हणून दाखवता येत नाही. भावाच्या घरी माझं जाणं बंद आहे. डबी माझ्या कपाटात आहे. आत दोन स्फटिक आहेत, आणि कोबाल्ट कोणत्यात आहे ते चिठ्ठीवर तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे.