हेमाताईंची मंगळवारची फेरी

प्रगतीची बैठक दर मंगळवारी अकराला असायची आणि हेमाताई टिपणीस त्या दिवशी सकाळी सातलाच कामाच्या जागी हजर असायच्या. डोक्यावर पांढरं हेल्मेट, पायांत जड बूट आणि हातात बाजाराची रिकामी ट्रॉली, दोन चाकांची. ही कशाला, असं मी पहिल्याच मंगळवारी विचारलं. "इथल्या म्हाताऱ्या बायका हीच घेऊन येतात. हिचं चाक जिथे अडेल तिथे त्याही अडणार," त्या म्हणाल्या आणि खडीवरून ट्रॉली ओढत पुढे गेल्या.

दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. सिंगापूरच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या वसाहतीचं मधलं केंद्र नव्याने उभं करायचं चाललं होतं. बाजार आणि खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर पाडून नवं, स्टेशनपासून बसथांब्यापर्यंत छपराची वाट, मध्ये मोकळा चौक. कंत्राटदार चार आणि सरकारी खाती त्याहून जास्त. कुठलं काम कुठवर आलं यावर नजर ठेवायला आमची सल्लागार कंपनी नेमली होती. हेमाताई त्या कामाच्या मॅनेजर आणि मी त्यांचा सहायक. प्रत्येक कामाची तक्त्यात एक ओळ होती. झालेलं हिरवं, रेंगाळलेलं पिवळं, अडलेलं लाल.

ताई मूळच्या डोंबिवलीच्या. वय पंचावन्न, लग्न केलं नव्हतं. अकरा वर्षं सिंगापुरात काढली होती आणि बुकित पंजांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. बोलणं शांत, पण टक्क्यांत बोललेलं त्यांना चालायचं नाही. कंत्राटदार म्हणाला, पादचारी पूल नव्वद टक्के झाला, की त्या विचारायच्या, "म्हणजे पलीकडे जाता येतं की नाही?" तो पुन्हा टक्केच सांगू लागला की लाल. नंतर माझ्याकडे वळून मराठीत म्हणायच्या, "नव्वद टक्के पूल म्हणजे नव्वद टक्के पोहणं. बुडायला उरलेलं दहा पुरतं."

त्या तक्त्यात एक ओळ त्यांनी स्वतः घातली होती. काम चालू असताना फ्लॅटमधल्या लोकांना दवाखान्यात जायला जी तात्पुरती वाट केली होती, तिची. ही ओळ कुणी मागितली नव्हती. आमच्या कंपनीचे डायरेक्टरसाहेब दर बैठकीत म्हणायचे, ही काढून टाकू या का, तात्पुरत्या गोष्टीला काय मोजायचं. ताईंचं उत्तर ठरलेलं. "सर, तात्पुरती दोन वर्षं आहे. गुडघे कायमचे आहेत." त्या वाटेवरच्या पायऱ्यांच्या जागी उतार करून दोन्ही बाजूंना कठडा लावायचा होता. सहा महिने ती ओळ लाल होती. ताई दर आठवड्याला पत्र लिहायच्या, फोन करायच्या, खालच्या आवाजात तेच तेच सांगायच्या. एकदा फोन ठेवून मला म्हणाल्या, "अजित, मला आता माझ्याच आवाजाचा कंटाळा आलाय."

मग डोंबिवलीत त्यांच्या भावाचं ऑपरेशन निघालं आणि त्या दोन आठवड्यांसाठी गेल्या. जाताना ट्रॉली माझ्या टेबलाशी ठेवली. पहिल्या मंगळवारी मी फेरी मारली. दुसऱ्या मंगळवारी मुलीला ताप होता, मी थेट ऑफिसला पोचलो. बैठकीआधी तासभर कंत्राटदाराची मेल आली की उताराचं काम पूर्ण झालं आहे. तेवढ्यात डायरेक्टरसाहेब आले. "चौदा लाल ओळी आहेत. एखादी तरी हिरवी दाखवता येईल का?" मी ती ओळ हिरवी केली. फार विचार केला नाही. खरं म्हणजे मला बरंच वाटलं.

उतार झाला होता, पण कठडा एकाच बाजूला लागला होता आणि फरशी गुळगुळीत होती. गुरुवारी पावसानंतर चौऱ्याहत्तर वर्षांची एक बाई त्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

ताई सोमवारी आल्या. त्यांनी तक्ता उघडला, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तू बघायला गेला होतास?"

"नाही ताई. पण पूर्ण झाल्याचं लिहून आलं होतं."

"लिहिलेल्यावरून कोणी चालत नाही, अजित."

संध्याकाळी मला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेल्या. बाईंना चिनी बोलीच येत होती, पन्नाशीची मुलगी आमच्यासाठी इंग्रजी करत होती. ताईंनी आम्ही कोण ते सांगितलं आणि माफी मागितली. मुलगी तिथल्या इंग्रजीत म्हणाली, "नेव्हर माइंड लाह." पण आमच्याकडे न बघता म्हणाली. मग बाईंनी काहीतरी विचारलं. बाजार कधी उघडणार, असं त्या विचारत होत्या. सगळीकडे फलक लागले होते पुढच्या महिन्याचे. ताई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात नाही. अजून चार महिने तरी लागतील." बाई ते ऐकून हसल्या. मुलगी म्हणाली, "आई म्हणते, उशीर होणार असं सांगणारी तू पहिलीच."

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत डायरेक्टरसाहेबांनी विचारलं, ओळ हिरवी कुणी केली. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होतो. बोलायचं म्हणून तोंड उघडलंही असेल. ताई म्हणाल्या, "तक्ता माझा आहे. जबाबदारी माझी." आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

दोन महिन्यांनी त्यांचा करार संपत होता. कंपनीने तो वाढवला नाही. कारण कुणी सांगितलं नाही. नोकरी गेली की तिथे राहायचा पास रद्द होतो, मग महिनाभरात देश सोडायचा. त्यांची जागा मला मिळाली.

शेवटच्या शनिवारी मी सामान बांधायला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. खोकी भरून होत आली तेव्हा मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो. हवं होतं." त्यांनी चिकटपट्टी दातांनी तोडली. "पण माझे उपकार मानत बसू नकोस. मी फार दमले होते रे. अकरा वर्षं लोकांना उशिराची आठवण करून देतेय. स्वतःहून सोडवत नव्हतं, आणि कुणी सोडवतही नव्हतं."

"म्हणजे माझ्यासाठी नाही केलंत?"

"तुझी मुलगी इथल्या शाळेत आहे, तेही मनात होतं. कुठलं किती होतं, ते मलाच ठाऊक नाही. तेव्हा तू विचारू नकोस."

मी भरलेली खोकी दाराशी नेऊन ठेवली.

सामान न्यायला माणसं दोन वाजता येणार होती. खुर्च्या आधीच देऊन टाकल्या होत्या, म्हणून त्या जमिनीवरच भिंतीला टेकून बसल्या. डोंबिवलीला जाऊन काय करणार, असं मी विचारलं. "आधी भावाकडे बघीन. मग..." त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलल्याच नाहीत. मी वळून बघितलं, तर त्यांना झोप लागली होती. मान एका बाजूला कलली होती, हातात चिकटपट्टीचं रीळ तसंच. इतक्या महिन्यांत मी त्यांना कधी नुसतं टेकलेलंही पाहिलं नव्हतं.

दोन वाजायला आले तसा मी हळूच दार उघडलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, बेल वाजायला नको म्हणून. माणसं लिफ्टमधून बाहेर आली. मी त्यांना हातानेच थांबा म्हणालो.